दोन झाले की, आता बास!

(सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. छापताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तिसरीला होतो. पाढ्यांत कच्चा. गुरुजी रोज प्रार्थना झाली की पावकी, निमकी, दिडकी म्हणवून घेत. एकदा मी धीर करून म्हणालो, "गुरुजी, काल म्हटले की!" गुरुजी म्हणाले, "काल जेवलास ना? मग आज डबा कशाला आणलास?" वर्ग हसला, मी गप्प बसलो. आता मी सत्तरीकडे झुकलोय आणि माझ्या दवाखान्यात रोज कोणीतरी मला तेच म्हणतं, "डॉक्टर, दोन झाले की. आता बास!" गुरुजींसारखं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही. ते शोधताना जे दिसलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक काम करा. साठी ओलांडलेल्यांनी बाही वर करून दंडावर, नाहीतर मनगटाच्या वर, बोट फिरवून बघा. रुपयाएवढा खोलगट व्रण लागेल. देवी टोचल्याचा. तो तुम्ही मागून घेतला नव्हता. टोचणारा शाळेत यायचा, मागच्या खिडकीतून पोरं पळायची, शिपाई धरून आणायचा. १९७५ मध्ये देशात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. त्या यशात तुमच्या दंडाचाही वाटा आहे, पण तुमच्या संमतीचा नाही. आता सत्तरीत तुम्हाला धरून आणणारा शिपाई नाही. जायचं की नाही ते तुम्हीच ठरवणार. म्हणून प्रश्न पडतो, की मधुमेह, दमा, हृदयविकार घेऊन जगणारा वयस्क माणूस पुन्हा पुन्हा घ्यायच्या लशीला हात पुढे करतो तो कशाच्या जोरावर?

दुसरी गोष्ट. पायात गंजका खिळा गेल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन कोणी घेतलंय? सगळेच हात वर. मी तोंड उघडायच्या आत पेशंट स्वतः म्हणतो, "टीटी मारा." याआधी किती झाली, पुन्हा कशाला, असं कोणी विचारत नाही. तीही वर्धक मात्राच असते. ('वर्धक मात्रा' म्हणजे बूस्टर. शब्द सरकारी. तो बोलताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही.)

आता करोनाचा तिसरा डोस घेतलेल्यांनी हात वर करा. बघा, निम्मे हात खाली राहिले. आपलं सभागृह काही जगावेगळं नाही. देशात पहिला डोस शंभर कोटींवर लोकांनी घेतला, दुसरा ९५ कोटींच्या घरात, आणि तिसऱ्याचा आकडा २२ कोटींच्या आसपास अडखळला.

खिळा गेलेला दिसतो, रक्त दिसतं. थंडी संपता संपता अंगातल्या प्रतिपिंडांची पातळी खाली आली, हे मात्र कोणाला दिसत नाही. टीटी आणि तिसरा डोस यांच्यातला निम्मा फरक इथेच आहे.

उरलेल्या निम्म्यातला थोडा दोष शब्दांचा. दुसऱ्या डोसनंतर मोबाईलवर जे प्रमाणपत्र आलं त्यावर इंग्रजीत 'फायनल' असा शब्द होता. लोकांनी ते लॅमिनेट करून पाकिटात ठेवलं. मग १० जानेवारी २०२२ पासून सरकार सांगू लागलं, अजून एक घ्या. नाव बूस्टर नाही, 'प्रिकॉशन डोस'. माझ्याकडचे एक निवृत्त तलाठी म्हणाले, "डॉक्टर, सातबारा फायनल झाल्यावर पुन्हा नोंद घालत नाहीत." तलाठ्यानं असं म्हणावं हा विनोदच, पण माणसाचा मुद्दा बरोबर होता. शेवटची पायरी म्हणून सांगितलेल्या पायरीनंतर आणखी एक निघाली की चढणारा थबकतो.

तारखा सांगतो, कारण त्यांतही एक शिकवण आहे. साठीच्या पुढच्यांना हा डोस पहिल्या दिवसापासून सरकारी केंद्रात फुकट होता, पण सुरुवातीला तो सहव्याधी असणाऱ्यांपुरता होता आणि दुसऱ्या डोसला नऊ महिने व्हायला हवे होते. १६ मार्चला सहव्याधीची अट गेली. जुलैत अंतर सहा महिन्यांवर आलं आणि १५ जुलैपासून ७५ दिवस अठरा वर्षांपुढच्या सर्वांनाच तो फुकट झाला. म्हणजे पैसे हे माझ्या पेशंटांचं कारण नव्हतं.

'सहव्याधी' हा शब्द करोनानं घरोघरी पोचवला. पण तो अंगाला लावून घ्यायला कोणी तयार नव्हतं. एक आजी मला ठासून म्हणाल्या, "मला बीपी आहे, सहव्याधी नाही." हसू नका, त्यांचं म्हणणं नीट ऐका. पंधरा-वीस वर्षं शुगर असलेला माणूस स्वतःला आजारी समजत नाही. शुगर घरातल्या जुन्या भाडेकरूसारखी असते. वेळेवर गोळी दिली की तिची कुरकुर नाही. अशा माणसाला 'तुम्ही जोखमीच्या गटात आहात' असं सांगितलं, तर त्याला वाटतं, हे शेजाऱ्याबद्दल चाललंय.

आणि याच्या बरोबर उलट दुसरा गट. "आधीच तीन स्टेंट, त्यात रक्त पातळ करायची गोळी, वर लस कशाला?" एकाला आजार दिसतच नाही म्हणून लस नको, दुसऱ्याला आजारच दिसतो म्हणून नको.

या दुसऱ्या समजुतीची किंमत किती असते ते हाँगकाँगनं २०२२ च्या सुरुवातीला मोजलं. श्रीमंत शहर, उत्तम दवाखाने, लस मुबलक. पण तरुणांनी ती घेतली आणि म्हाताऱ्यांनी नाही. आजारी आई-वडिलांना लस सोसायची नाही, आधी प्रकृती स्थिरावू दे, असा विचार घराघरांत होता आणि वृद्धाश्रमांतही. मग ओमायक्रॉन आला. ६ जानेवारी ते २१ मार्च या अडीच महिन्यांत तिथे सुमारे ५,९०० मृत्यूंची नोंद झाली. त्यांतली ९६ टक्के माणसं साठ किंवा त्याहून जास्त वयाची होती, आणि त्या वृद्धांपैकी ७० टक्क्यांनी एकही डोस घेतलेला नव्हता. ज्यांना जपायचं म्हणून लशीपासून लांब ठेवलं, तीच माणसं गेली.

वय झाल्यावर उजळणी का लागते, ते थोडक्यात सांगतो. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. संरक्षण करणाऱ्या पेशींची ती शाळा. तारुण्यानंतर ती आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी साठते. म्हातारपणी या शाळेत नवे विद्यार्थी जवळजवळ येत नाहीत. जुन्यांना शिकवलेलं टिकवून ठेवायचं, एवढंच हातात राहतं. त्यातही मधुमेहानं आणि मूत्रपिंडाच्या विकारानं शिकवण लवकर पुसट होते. म्हणून उजळणी. बूस्टरला मी मराठीत उजळणीच म्हणतो. गुरुजींना ते आवडलं असतं.

आता माझ्या चुकीकडे येतो. तिच्यामुळेच हा विषय घेतला.

माझ्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर येत. त्यांना मी काका म्हणायचो. वय ७१, दमा आणि शुगर. त्यांची फाइल निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत असायची, पिशवीला रबर, आणि आत कागद तारखेनं लावलेले, तिकिटांचा हिशेब ठेवल्यासारखे. २०२२ साली ते माझ्याकडे चौदा वेळा आले. पुढच्या जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला, जिल्ह्याच्या गावी ठेवावं लागलं, अकरा दिवस ऑक्सिजनवर. वाचले. परत आल्यावर मी त्यांची फाइल उघडली. चौदा भेटी, चौदा कागद. बीपी इतकं, शुगर इतकी आणि खाली माझ्या अक्षरात 'सीएसटी'. आम्हा डॉक्टरांची ती सांकेतिक भाषा आहे. अर्थ, गोळ्या त्याच चालू ठेवा. चौदा वेळा सीएसटी! लस, फ्लू, न्यूमोनिया, तिसरा डोस, यातला एक शब्द एकाही कागदावर नव्हता.

मी विचारलं, "काका, तिसरा डोस का नाही घेतला?" ते म्हणाले, "तुम्ही म्हणाला नाहीत." तक्रारीच्या सुरात नव्हे. तिकीट मागितलं नाही म्हणून दिलं नाही, असं सांगावं तसं.

तो डोस घेतला असता तर न्यूमोनिया टळलाच असता, असं मी म्हणणार नाही. कोणताच प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. पण त्यांच्या त्या तीन शब्दांनी मला जे कळलं ते पंधरा चर्चासत्रांत कळलं नव्हतं. टीव्हीवर सांगून झालं होतं, आशाताई दारावर येऊन गेल्या होत्या, फोन लावला की खोकल्याची धून आणि सूचना वाजत होती. ते सगळं त्यांनी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. कारण त्यांच्या लेखी लस ही सरकारची होती आणि दमा डॉक्टरांचा. ज्याच्या हातून रोजची गोळी येते त्यानं लशीचं नाव काढलं नाही, म्हणजे आपल्या आजाराशी तिचा संबंध नाही, हा त्यांचा सरळ हिशेब. माझं गप्प बसणं त्यांनी माझा सल्ला म्हणून वाचलं.

जगभर यावर संशोधन झालंय आणि त्यात पुन्हा पुन्हा हेच दिसतं. लस घेण्यामागे जी कारणं सापडतात त्यांत स्वतःच्या डॉक्टरनं शिफारस करणं फार वरच्या जागी आहे. हे मी वाचलेलं होतं. मला वाटायचं, ते दुसऱ्या डॉक्टरांसाठी आहे.

त्या दिवसापासून मी विचारायला लागलो आणि मुख्य म्हणजे ऐकायला लागलो. लोक नाही का म्हणतात ते पाठ झालं होतं. मागच्या वेळी दोन दिवस ताप आला. सोबत कोण येणार? गोळ्यांनीच पोट भरतं. आता किती दिवस राहिलेत. पण जी माणसं हो म्हणत होती ती का म्हणत होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

माझी समजूत अशी की म्हातारा माणूस मरणाला भितो. मरणाची भीती घातली की तो लस घेईल. सपशेल चूक. तुमच्या-माझ्या घरातली म्हातारी माणसं देवापाशी काय मागतात? जास्त वर्षं मागत नाहीत. "चालता-बोलता ने रे बाबा," एवढंच मागतात. भीती आहे ती अंथरुणाला खिळण्याची. सुनेनं भांडं धरायचं, मुलानं उचलून बाथरूमला न्यायचं, त्याची. "दुसऱ्याच्या हातात पडू नये, डॉक्टर." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी त्याचा आणि लशीचा संबंध मला कळला.

अमेरिकेत २००७ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षं वयाच्या, चांगल्या निरोगी बारा माणसांना दहा दिवस फक्त अंथरुणावर झोपवून ठेवलं. कुठलाही आजार नाही, ताप नाही. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाला. निरोग्याची ही गत, तर न्यूमोनियानं पंधरा दिवस पडलेल्या मधुमेही माणसाचं काय होत असेल? आमचे कंडक्टर काका वाचले, पण घरी आल्यावर माडीवर चढणं त्यांनी सोडलं. त्यांची खोली माडीवर होती. आता खाट सोप्यात आहे.

म्हणून मी बोलायची पद्धत बदलली. 'लस घ्या, नाहीतर जिवावर बेतेल' असं म्हणत नाही. 'चालतं-बोलतं राहायचंय ना, मग ही घ्या' असं म्हणतो. आणि त्याच्यापुढे गोष्ट त्या माणसाच्या आजाराची करतो. हृदयविकाराच्या पेशंटला सांगतो, की हार्ट अटॅक आलेल्या अडीच हजारांवर रुग्णांपैकी काहींना फ्लूची लस आणि काहींना नुसतं सलाईन टोचून वर्षभर बघितलं. लस घेतलेल्यांत वर्षाच्या आत २.९ टक्के गेले, न घेतलेल्यांत ४.९ टक्के. २०२१ चा अभ्यास आहे, बऱ्याच देशांत मिळून केलेला. हे ऐकून माणूस सरसावून बसतो, कारण लस आता त्याच्या स्टेंटच्या गावची झाली.

पण माहितीवर फार भरवसा टाकू नका. डेन्मार्कमध्ये २०२२ च्या हिवाळ्यात पासष्टीच्या पुढच्या साडेनऊ लाखांहून जास्त लोकांवर प्रयोग झाला. फ्लूच्या लशीसाठी सरकारी पत्रं पाठवली. काहींना काहीच नाही, काहींना वेगवेगळ्या मजकुराची. सगळ्यांत परिणामकारक ठरलेल्या पत्रांपैकी एक होतं, लशीनं हृदयालाही फायदा होऊ शकतो असं सांगणारं. त्यानं लस घेणाऱ्यांचं प्रमाण ८०.१२ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेलं. एक टक्कासुद्धा पूर्ण वाढला नाही! लाखो लोकांत तोही मोलाचा, मान्य. पण नुसत्या मजकुराची ताकद किती, ते त्यातून कळतं. आणि मुळात ज्यांच्याकडे ८० टक्के लोक आपणहून घेतात, त्यांची बरोबरी आपण कशाला करायची?

त्यापेक्षा मला दुसरा एक प्रयोग आवडतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं काही कर्मचाऱ्यांना कळवलं, फ्लूची लस हवी असेल तर वेळ ठरवा. इतरांना कळवलं, तुमची वेळ अमुक दिवशी ठरवली आहे, नको असेल तर बदला. पहिल्यांत ३३ टक्क्यांनी लस घेतली, दुसऱ्यांत ४५ टक्क्यांनी. मत कोणाचंच बदललं नव्हतं. फक्त दार उघडं ठेवून पाट मांडला होता.

हे वाचून मी आमच्या कंपाउंडरला एक वाक्य शिकवलं. फ्लूची लस एकेकाला पुरेल अशा भरलेल्या सिरिंजमध्ये येते. त्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहायचं आणि पेशंटला सांगायचं, "मामा, तुमच्या नावाची फ्रिजमध्ये ठेवलीय." बस. नंतर कळलं, अमेरिकेतही मोबाईलवर संदेश पाठवून पाहिले तेव्हा 'लस तुमच्यासाठी राखून ठेवली आहे' असा मजकूर सगळ्यांत पुढे ठरला होता. आपल्याकडे तर नावाचं काढून ठेवलेलं टाकून जायचं नाही, हा संस्कारच आहे. नैवेद्याचं पान असो की लग्नातली पंगत.

अडचणी असतात त्या अशाच बारक्या. लसीकरणाची ॲपवरची नोंदणी आठवा. अर्ध्या म्हाताऱ्यांची नोंद मुलाच्या मोबाईलवर. मुलगा पुण्याला नाहीतर दुबईला. केंद्रावर ताई म्हणणार, "ओटीपी सांगा." ओटीपी गेला मुलाच्या फोनवर, मुलगा मीटिंगमध्ये. एक आजोबा असे दोनदा परत गेले. तिसऱ्यांदा आलेच नाहीत. त्यांच्या नावापुढे कोणीतरी 'लस घेण्यास अनुत्सुक' असं लिहिलं असेल. अनुत्सुक कसले? फोन मुलाच्या खिशात होता, एवढंच.

आता एक गोष्ट २०२२ च्या वारीची. आधीची दोन वर्षं माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली, १० जुलैला आषाढी होती. माझ्याकडचे एक आबा, दम्याचे, त्याआधी तीस वर्षं वारी न चुकवलेले. जानेवारीपासून प्रिकॉशन डोसला नाही म्हणत होते. मे महिन्यात आपणहून आरोग्य केंद्रात जाऊन घेऊन आले. मी खूश झालो. म्हटलं, "आबा, पटलं तर शेवटी!" ते म्हणाले, "पटायचं काय त्यात? दिंडीत कोणी खोकला म्हणून मागं फिरवू नये. बाकी पांडुरंग बघेल." लशीवर त्यांचा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. तरी हात पुढे केला, कारण लशीपलीकडे त्यांना कुठेतरी जायचं होतं.

१९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या तपासणीसाठी फिरत्या एक्स-रे गाड्या होत्या. दारात गाडी, तपासणी फुकट, तरी लोक येईनात. का येत नाहीत, हे शोधायला सरकारनं मानसशास्त्रज्ञ बसवले आणि त्यातून आरोग्यविषयक वागण्याचा एक प्रसिद्ध सिद्धांत निघाला. त्यात धोक्याची जाणीव, फायद्याची जाणीव, अडथळे, हे सगळं आहे. पण मला त्यातला शेवटचा घटक महत्त्वाचा वाटतो. कृतीला लागणारी ठिणगी. आपल्याकडे त्याला साधा शब्द आहे, निमित्त. आबांना वारीचं निमित्त मिळालं. भिशीतल्या बायकांना एकमेकींचं. "सगळ्या चालल्या, मी एकटीच घरी काय करू?" एका आजोबांना तर मुंबईला नातीच्या नाटकाचा प्रयोग बघायचा होता. कारणं लहान असतात, पण त्यांच्यावर माणूस उठतो.

थोडं इतिहासात जातो. प्रिकॉशन डोस सुरू झाला ती तारीख, १० जानेवारी, आपल्या राज्याच्या दृष्टीनं विलक्षण आहे. बरोबर १२५ वर्षांपूर्वी, १० जानेवारी १८९७ ला, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर ती तपासली गेली. त्याच वर्षी पुण्यात सोजीर घरात शिरून प्लेगचे रोगी शोधत होते. त्या सक्तीचा शेवट रँडच्या खुनात झाला, ते शाळेत सगळेच शिकलेत. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. आणि मुंबईत तरुण आगाखानांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली, तेव्हा खोजा समाजातली माणसं पुढे आली. एकाच साथीत एकीकडे पळालेली माणसं आणि दुसरीकडे रांग. सोजिराचा शब्द आणि आपल्या माणसाचा हात, यांत फरक पडतोच. हाफकिनच्या लशीचं संरक्षणही काही महिन्यांचंच होतं. म्हणजे 'पुन्हा कशाला?' हा प्रश्न मुंबईत सव्वाशे वर्षांचा आहे.

हाफकिनच्याच गोष्टीत एक काळं पानही आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ माणसं धनुर्वातानं गेली. दोष हाफकिनवर आला, नोकरी गेली. त्यांच्या प्रयोगशाळेचा दोष नव्हता असं ठरायला काही वर्षं लागली. हे मी मुद्दाम सांगतो. लशीचं वाईट झाकून ठेवणारा डॉक्टर चांगलं सांगायला लागला की लोक त्याच्याकडे तिरकं बघतात.

एप्रिल २०२४ मध्ये बातमी आली, की कोविशील्डचं मूळ सूत्र ज्या कंपनीचं, तिनं इंग्लंडच्या कोर्टात मान्य केलं की फार क्वचित या लशीनं रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. दुसऱ्या दिवशी माझ्या ओपीडीत रांग. "डॉक्टर, तुम्हीच सांगितलं होतं." होय, मीच सांगितलं होतं. मी त्यांना सांगितलं, की हा धोका खरा आहे, अतिशय दुर्मीळ आहे, २०२१ पासून डॉक्टरांना ठाऊक आहे. तो बहुधा पहिल्या डोसनंतर काही आठवड्यांतच दिसतो आणि तुमच्या डोसला तर दोन-तीन वर्षं उलटून गेली. तरुण मुलांच्या अचानक मृत्यूंबद्दलही विचारतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं १८ ते ४५ वयोगटात पाहणी केली, तीत लशीमुळे असे मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेकांचं समाधान होतं. ज्यांचं होत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला ते येणारच असतात.

आणखी एक, रक्त पातळ करायच्या गोळीवाल्यांसाठी. बारीक सुई, टोचल्यावर दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही. गोळी मनानं बंद करायची नाही. कॅन्सरचे उपचार किंवा स्टेरॉइड चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारून वेळ ठरवायची. संपलं. एवढ्यासाठी लोक वर्ष वर्ष थांबतात.

करोना आता मागे पडला. तिसऱ्या डोसची रांगही गेली. मग आज हे व्याख्यान कशाला? कारण उजळणी संपलेली नाही. फ्लूची लस दर वर्षी नवी येते. विषाणू रूप बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा त्या लशीत काय घालायचं ते ठरवते. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, तेव्हा लस एप्रिल-मेमध्ये. पापड, कुरडया, कौलांची डागडुजी, लोणचं, या पावसाळ्याच्या बेगमीत तिचीही गणना करा. न्यूमोनियाची लस आहे, नागिणीची आहे, धनुर्वात-घटसर्पाची दर दहा वर्षांनी. यांतलं बरंचसं आपल्याकडे वृद्धांना खिशातून घ्यावं लागतं. फ्लूची हजाराच्या पुढे, नागिणीची तर त्याच्या कित्येक पट. पेन्शनवाल्याला ते जड जातं. करोनात जे फुकट आणि दारात देता आलं, ते फ्लूच्या बाबतीत निदान मधुमेह-दम्याच्या वृद्धांना का देता येऊ नये? हा प्रश्न मी इथे बसलेल्या लोकप्रतिनिधींना विचारतो. त्यांतले दोघे माझे पेशंट आहेत, त्यांची शुगर मला ठाऊक आहे.

कंडक्टर काकांनी गेल्या मे महिन्यात फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेतली. पिशवीतल्या कागदावर मी तारीख आणि दोन्ही लशींची नावं मोठ्या अक्षरात लिहिली. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, "आता पुढचं कधी, ते पण लिहा." लिहिलं.

मंडळी, तुमच्या प्रत्येकाकडे अशी एक फाइल आहे. पुढच्या वेळी तपासणीला जाल, माझ्याकडे किंवा कोणत्याही डॉक्टरकडे, तेव्हा गोळ्या लिहून झाल्यावर लगेच उठू नका. "माझी कुठली लस राहिलीय?" असं विचारा. आमच्यापुढे रांग असते, आम्ही विसरतो, मी तर चौदा वेळा विसरलो. मी विसरलो तर तुम्ही आठवण करा. दवाखाना सकाळी साडेनऊला उघडतो. रविवारी बंद.